मॉइश्चरायझरच्या दोन घटकयाद्या ताडून कशा पाहायच्या?

निळीशाई

दोन मॉइश्चरायझर समोर आहेत आणि त्यांतलं एक निवडायचंय. दोन्हींवर 'कोरड्या त्वचेसाठी' असं लिहिलंय. 'अ'च्या डब्यावर पुढे याशिवाय काहीच नाही. 'आ'वर मात्र '३ सिरॅमाइड', 'हायल्युरॉनिक अ‍ॅसिड', 'नॉन-कॉमेडोजेनिक' (रंध्रं न बुजवणारं) असं बरंच काही आहे. मागच्या याद्या जशाच्या तशा उतरवून देते.

अ: पाणी, ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, सीटिअरिल अल्कोहोल, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, डायमेथिकोन, ग्लिसेरिल स्टिअरेट, सीटिअरेथ-२०, फेनॉक्सीइथेनॉल, कार्बोमर, इथिलहेक्सिलग्लिसरीन, डायसोडियम ईडीटीए, सोडियम हायड्रॉक्साइड.

आ: पाणी, सायक्लोपेंटासिलोक्झेन, ग्लिसरीन, डायमेथिकोन, नायसिनामाइड, पॉलिसॉर्बेट-२०, सिरॅमाइड एनपी, सिरॅमाइड एपी, सिरॅमाइड ईओपी, फायटोस्फिंगोसिन, कोलेस्टेरॉल, सोडियम हायल्युरोनेट, सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट, फेनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम, कार्बोमर, झँथन गम, लिनालूल, लिमोनीन.

लावायचं आहे नडग्यांवर आणि तळहातांच्या मागच्या बाजूला, हवा कोरडी असताना. नडग्यांवर पांढरी खवलं धरतात, आंघोळीनंतर त्वचा ओढल्यासारखी होते. चेहऱ्याला लावायचं नाही.

'आ'मध्ये सिरॅमाइड (त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांचा एक प्रकार) फेनॉक्सीइथेनॉलच्या बरेच आधी आहेत, म्हणजे भरपूर असावेत असं वाटतं. 'अ'मध्ये अल्कोहोल आणि पेट्रोलियमचा पदार्थ दिसतोय, त्याची धास्ती वाटते. माझं वाचन बरोबर आहे का?

इमल्शन

याद्या पूर्ण दिल्यात हे फार बरं केलंत. बहुतेक जण पुढच्या बाजूवरचे तीन शब्द देतात आणि मग बोलण्यासारखं काही उरतच नाही.

आधी क्रमाचा नियम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण हे बंधन १ टक्क्यापर्यंतच असतं. १ टक्क्याहून कमी असलेले घटक उत्पादकाने कसेही मागेपुढे लावले तरी चालतात. आता फेनॉक्सीइथेनॉल पाहा. या परिरक्षकाला, म्हणजे क्रीममध्ये जंतू वाढू न देणाऱ्या घटकाला, युरोपीय नियमांत कमाल १ टक्क्याची मर्यादा आहे आणि बहुतेक उत्पादनं तिच्या आतच राहतात. म्हणून त्याच्या *नंतर* आलेलं सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी, एवढं निश्चित सांगता येतं. उलट मात्र सांगता येत नाही. त्याच्या *आधी* आलेला घटक १ टक्क्याहून जास्तच असेल असं नाही, कारण फेनॉक्सीइथेनॉल स्वतःच त्या मोकळ्या पट्ट्यात बसलेलं असतं. ०.०५ टक्के सिरॅमाइड त्याच्या आधी लिहिणं पूर्णपणे नियमात बसतं. तुमचं वाचन इथेच चुकलंय, आणि यादी अशा रीतीने मांडण्यामागे हेतूही तोच असतो.

'आ'मधली ही रांग पुन्हा वाचा: सिरॅमाइड एनपी, एपी, ईओपी, फायटोस्फिंगोसिन, कोलेस्टेरॉल, सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट, कार्बोमर, झँथन गम. ही आठ नावं एकत्र दिसली की समजावं, कच्च्या मालाच्या पुरवठादाराकडून तयार मिश्रण आणून घातलंय. या मिश्रणात बराचसा भाग पाण्याचाच असतो आणि स्निग्ध पदार्थ एक-दोन टक्के. मग हे मिश्रण क्रीममध्ये काही टक्केच घालतात. टक्क्याचा टक्का काढा: १.५ टक्क्यांचं मिश्रण ५ टक्के घातलं तर क्रीममध्ये सगळे स्निग्ध घटक मिळून ०.०७५ टक्के. १०० ग्रॅमच्या डब्यात ७५ मिलिग्रॅम. यादीत मात्र त्यांनी पाच नावांची जागा अडवलेली असते.

दुसरी युक्ती साध्या गणिताची आहे. उतरत्या क्रमात पाण्यानंतर जे उरतं त्यात दुसऱ्या घटकाचा वाटा जास्तीत जास्त सगळा, तिसऱ्याचा जास्तीत जास्त निम्मा, चौथ्याचा एक तृतीयांश, पाचव्याचा एक चतुर्थांश. समजा क्रीममध्ये ७० टक्के पाणी आहे. मग उरलेल्या ३० पैकी यादीतला पाचवा घटक साडेसात टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. 'आ'मधलं नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) पाचवं आहे, म्हणजे त्याची कमाल मर्यादा इथेच ठरली. प्रत्यक्षात ते २ ते ५ टक्क्यांत असण्याची शक्यता जास्त, आणि त्वचेला त्याचा उपयोग होतो तोही याच पट्ट्यात. 'आ'मधली खरी जमेची बाजू तीच आहे. तिचं नाव पुढच्या बाजूवर नाही, हे मला खटकतं.

आता कामाच्या दृष्टीने. मॉइश्चरायझरमध्ये तीन तऱ्हेचे घटक लागतात: पाणी धरून ठेवणारे ह्युमेक्टंट (ग्लिसरीन, युरिया, सॉर्बिटॉल, पॅन्थेनॉल), खवल्यांमधल्या फटी भरून त्वचा गुळगुळीत करणारे इमोलिअंट (सीटिअरिल अल्कोहोल, ट्रायग्लिसराइड, स्क्वालेन), आणि वरून पाणी उडू न देणारे ऑक्लुझिव्ह (पेट्रोलॅटम, मिनरल ऑइल, लॅनोलिन, काही प्रमाणात डायमेथिकोन). 'अ'च्या पहिल्या सहा नावांत तिन्ही तऱ्हा आहेत. 'आ'मध्ये ग्लिसरीन आहे, पण ऑक्लुझिव्ह म्हणून फक्त डायमेथिकोन. दुसऱ्या क्रमांकावरचं सायक्लोपेंटासिलोक्झेन हे उडून जाणारं सिलिकोन आहे. लावताना रेशमासारखं वाटतं, थोड्या वेळाने हवेत जातं, मागे काहीच ठेवत नाही.

अल्कोहोलची धास्ती सोडा. सीटिअरिल, सीटिल, स्टिअरिल, बेहेनिल ही मेदाळ अल्कोहोलं आहेत: मेणासारखे पांढरे दाणे, साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसला वितळणारे. त्वचा कोरडी करतं ते यादीत 'अल्कोहोल डीनॅट' किंवा नुसतं 'अल्कोहोल' असं लिहिलेलं असतं. ते पहिल्या पाच-सहा नावांत असेल तर कोरड्या नडग्यांसाठी ती बाटली नको.

पेट्रोलॅटमचंही तसंच. अशुद्ध, अर्धवट शुद्ध केलेल्या मालात घातक बहुचक्री हायड्रोकार्बन राहू शकतात, म्हणून सौंदर्यप्रसाधनांसाठी पूर्ण शुद्धीकरण झालेलाच माल वापरायचा असतो. तसा माल इतका निष्क्रिय असतो की अ‍ॅलर्जीच्या पॅच टेस्टमध्ये तपासायचे बरेचसे पदार्थ त्यातच कालवून पाठीवर लावतात. त्याच्यामुळे 'त्वचेचा श्वास कोंडतो' हेही खरं नाही. ते नुसतं वर पसरून राहत नाही, वरच्या थराच्या फटींत शिरतं, आणि खाली त्वचेची दुरुस्ती चालूच राहते.

या वापरासाठी माझं मत 'अ'ला.

खवलं

इमल्शन यांच्याशी सहमत. नडग्यांबद्दल एक जोड देतो, कारण ही पांढरी खवलं म्हणजे नक्की काय हे कळलं की निवड सोपी होते.

त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या मृत पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाचण्यांनी जोडलेल्या असतात. या टाचण्या कापणारी विकरं (एन्झाइम) त्याच थरात असतात, आणि त्यांना काम करायला पाणी लागतं. थरातलं पाणी कमी झालं की विकरं मंदावतात, टाचण्या तुटत नाहीत, पेशी एकेक न गळता पापुद्र्याने राहतात. तीच तुमची खवलं. नडग्यांवर तेलग्रंथी कमी असतात म्हणून सुरुवात तिथून होते. तिथे खरवडणं किंवा घासणीने घासणं हा उपाय नव्हे. थरात पाणी परत आलं की टाचण्या आपोआप तुटतात.

म्हणून ग्लिसरीन दुसऱ्या क्रमांकावर असणं फार मोलाचं आहे. हा स्वस्त, जुना, कंटाळवाणा घटक आहे आणि कामाला त्याच्या तोडीचे थोडेच. ३ ते १० टक्क्यांत उत्तम चालतो. २० टक्क्यांच्या पुढे चिकट लागतो. निव्वळ ग्लिसरीन मात्र कोरड्या हवेत थेट त्वचेवर चोळू नये. हवेत ओल नसली तर ते पाणी खालच्या थरांतून ओढतं, आणि वर झाकण नसेल तर ते पाणी उडून जातं. क्रीममध्ये सोबत पेट्रोलॅटम असतं तेव्हा ही अडचण येत नाही.

निळीशाई

दोघांचेही आभार. फेनॉक्सीइथेनॉलच्या 'आधी' आणि 'नंतर'मधला फरक आता नीट लक्षात आला. पण मग सिरॅमाइड आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड निव्वळ दिखाऊ समजायचे का? आणि घरच्या घरी एखादी चाचणी करून दोन क्रीममधला फरक पाहता येतो का?

पापुद्रा

सिरॅमाइड निव्वळ दिखाऊ नाहीत. त्वचेच्या वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांत वजनाने साधारण निम्मे सिरॅमाइडच असतात, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि १० ते २० टक्के मुक्त मेदाम्लं. विटांच्या भिंतीतला चुना म्हणा: पेशी विटा, हे तिन्ही मिळून चुना. त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांच्या गटाने १९९० च्या दशकात केसविरहित उंदरांच्या त्वचेवर दाखवलं की तिन्ही एकत्र लावले तर बिघडलेला अडसर (त्वचेचा संरक्षक थर) नीट सावरतो, पण त्यांतला एखादाच किंवा दोनच लावले तर दुरुस्ती उलट रेंगाळते. पुढे सिरॅमाइडचा वाटा जास्त ठेवून ३:१:१ असं प्रमाणही वापरात आलं.

म्हणून 'सिरॅमाइड आहे का' एवढं विचारून भागत नाही. सोबत कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ल आहे का, आणि एकूण किती, हे बघा. 'आ'मध्ये कोलेस्टेरॉल आहे. मुक्त मेदाम्ल (स्टिअरिक, पामिटिक, लिनोलिक अ‍ॅसिड) एकही नाही. सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट नावावरून तसं वाटतं, पण ते मिश्रण जुळवून ठेवण्यासाठी आहे.

सिरॅमाइड जास्त प्रमाणात घालणं अवघडही असतं. ते खूप वरच्या तापमानाला वितळतात आणि क्रीम थंड होताना स्फटिक होऊन बाहेर पडतात. क्रीम बोटांत घासताना रव्यासारखे बारीक कण लागले तर असं काहीतरी झालेलं असू शकतं. म्हणून चांगलं सिरॅमाइड क्रीम बनवणाऱ्याला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. टक्केवारी लिहिलेली असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. नुसता '३ सिरॅमाइड' हा आकडा नावांचा आहे, प्रमाणाचा नाही.

हायल्युरॉनिक अ‍ॅसिडबद्दल 'वजनाच्या हजारपट पाणी धरतं' हे वाक्य सगळीकडे असतं. ते जसंच्या तसं खरं धरलं तरी हिशेब करून पाहा. क्रीममध्ये ते (यादीत 'सोडियम हायल्युरोनेट' या नावाने) बहुधा ०.१ टक्क्याच्या आसपास असतं, कारण फार वाढवलं तर लगदा होतो. एका वेळी नडगीवर १ ग्रॅम क्रीम लागतं, म्हणजे १ मिलिग्रॅम हायल्युरॉनिक. त्याने धरायचं ते पाणी त्याच क्रीममधलं, आणि वर झाकण नसेल तर तेही उडणारच. शिवाय मोठ्या रेणूचं हायल्युरॉनिक त्वचेत शिरत नाही, वर पातळ पापुद्रा करून बसतं. तासभर त्वचा टवटवीत दिसते हे खरं. ५ टक्के ग्लिसरीनशी मात्र त्याची बरोबरी होत नाही.

इमल्शन

घरच्या चाचणीबद्दल: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळाला तर एक फार बोलकी चाचणी करता येते.

काचेची एक सपाट पट्टी काट्यावर ठेवून शून्य करा. तिच्यावर २.०० ग्रॅम क्रीम घ्या आणि पट्टीच्या कडेने हातभर नव्हे, तळव्याएवढ्या जागेत पातळ पसरा. ज्याने पसरलं त्याला क्रीम चिकटून राहिलं तर पसरल्यावर पुन्हा वजन घ्या आणि तेच सुरुवातीचं धरा. घरातल्या नेहमीच्या तापमानाला, धूळ बसणार नाही अशा जागी २४ तास ठेवा. वजन करा, दोन तासांनी पुन्हा करा. फरक ०.०२ ग्रॅमच्या आत आला की थांबा. उरलेलं वजन भागिले सुरुवातीचं वजन, गुणिले १००. हा आकडा म्हणजे त्वचेवर खरोखर मागे राहणारा माल.

पाण्यासोबत सायक्लोपेंटासिलोक्झेनही उडून जातं, आणि आपल्याला तेच हवंय, कारण त्वचेवरूनही ते तसंच जातं. एक काळजी घ्या: ग्लिसरीन हवेतली ओल धरतं, म्हणून दमट दिवशी आकडा थोडा फुगतो. दोन्ही क्रीम एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवून मोजा.

दुसरी चाचणी क्रीमचा बाज ओळखायची. पेल्यात पाणी घ्या, टाचणीच्या डोक्याएवढं क्रीम टाका आणि हळूच ढवळा. पाणी दुधाळ झालं तर क्रीममध्ये पाण्यात तेल विखुरलेलं आहे. गोळी तशीच तरंगत राहिली तर तेलात पाणी. दुसऱ्या बाजाची क्रीम जड लागतात, लवकर धुऊन जात नाहीत आणि फार कोरड्या त्वचेला जास्त वेळ पुरतात.

निळीशाई

वजनाची चाचणी केली. दोन्ही एकसारख्या काचांवर, २४ तास.

अ: २.०० चे ०.६६ उरले, म्हणजे ३३ टक्के. काचेवर पांढरट, मेणासारखा थर आहे, बोट फिरवलं तर रेघ उमटते.

आ: २.०० चे ०.३४ उरले, १७ टक्के. थर पारदर्शक, जरा चिकट, कडेला पातळ.

पेल्यात दोन्ही दुधाळ झाली. आता हे आकडे यादीशी कसे जोडायचे?

इमल्शन

सुरेख. आता यादीला आकडे चिकटवता येतील.

'अ'चे ३३ टक्के घ्या. फेनॉक्सीइथेनॉल आणि त्यानंतरचे सगळे मिळून दीड-दोन टक्के सोडा, उरले ३१. हे ३१ सात घटकांत वाटलेत: ग्लिसरीन ते सीटिअरेथ-२०. सगळ्यांत मोठा वाटा ग्लिसरीनचा, म्हणून तो सरासरीपेक्षा कमी असूच शकत नाही: ३१ भागिले ७, म्हणजे किमान ४.४ टक्के. पेट्रोलॅटम त्याच्या खालोखाल, म्हणून कमाल ३१ च्या निम्मं, साडेपंधरा. ग्लिसरीनने थोडं पाणी धरलेलं असेल, त्यामुळे खरे आकडे किंचित खाली सरकतील. तरी चित्र बदलत नाही. हे कामाचं क्रीम आहे.

'आ'चा मागे राहणारा माल 'अ'च्या निम्माच आहे. थर पारदर्शक आणि चिकट म्हणजे त्यात मुख्यतः ग्लिसरीन, डायमेथिकोन आणि नायसिनामाइड. मेणाचा अंश जवळजवळ नाही. तेलकट चेहऱ्याला, दमट हवेत, हे 'अ'पेक्षा नक्कीच बरं. कोरड्या हवेत नडगीवर अपुरं पडेल.

मालाचा आकडा मोठा तेवढं क्रीम चांगलं, असा सरसकट अर्थ मात्र काढू नका. मुलांच्या एक्झिमावर ब्रिटनमध्ये लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली होती, ५५० मुलं होती आणि निष्कर्ष २०२२ मध्ये आले. परिणामकारकतेत चौघांत फरक आढळला नाही. जड मलम नकोसं वाटून डब्यातच राहिलं तर त्यातला मागे राहणारा ९५ टक्के माल कोणाच्या कामाचा?

पॅचटेस्ट

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही: 'आ'मधलं परफ्यूम, लिनालूल आणि लिमोनीन.

कोरडी, खवले धरलेली त्वचा म्हणजे अडसर आधीच फाटलेला. जे पदार्थ एरवी आत जात नाहीत ते इथे जातात, आणि रोज दोनदा, महिनोन्‌महिने लावायच्या क्रीममधला वास हा संपर्कजन्य अ‍ॅलर्जीचा नेहमीचा मार्ग आहे. लिनालूल आणि लिमोनीन ताजे असताना फारसे त्रासदायक नसतात. हवा लागली की त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि अ‍ॅलर्जी त्यांची येते. म्हणून महिनोन्‌महिने उघडझाक झालेला डबा नव्या डब्यापेक्षा जास्त धोक्याचा. युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत असे सुगंधी घटक ०.००१ टक्क्याहून जास्त असले तर नावानिशी लिहावे लागतात. ही यादी आधी २६ नावांची होती, २०२३ मध्ये ती वाढवून ८० च्या वर नेली. नावं जास्त म्हणजे क्रीम वाईट असं नाही. तुम्हाला काय टाळायचं ते कळावं म्हणून ती आहेत.

'वासरहित' आणि 'सुगंधविरहित' यांत फरक आहे. पहिल्यात कच्च्या मालाचा वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. यादीत 'परफ्यूम' शब्द नाही ना, हे बघणं सगळ्यांत खात्रीचं. वनस्पतींची सुवासिक तेलं 'नैसर्गिक' म्हणून सुटत नाहीत, त्यांतही हेच रेणू असतात.

परिरक्षकांत एक नाव लक्षात ठेवा: मिथाइलआयसोथायाझोलिनोन. त्याच्या अ‍ॅलर्जीची लाट आल्यावर युरोपात २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या उत्पादनांतून ते काढून टाकलं. त्यामानाने पॅराबेनची अ‍ॅलर्जी दुर्मीळच. आणि 'परिरक्षक नाही' असं पाणी असलेल्या क्रीमवर लिहिलेलं दिसलं तर आनंद मानण्यापेक्षा सावध व्हा. पाणी आहे तिथे जंतू वाढणार. परिरक्षक नसला तरी चालतो तो निव्वळ तेल-मेणाच्या मलमात.

आणखी एक, जुन्या साध्या क्रीमच्या बाबतीत. सोडियम लॉरिल सल्फेट हा साबणातला घटक पूर्वी काही क्रीममध्ये पाणी-तेल जुळवायला वापरत. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये तो त्वचेला जाळतो आणि अडसर आणखी पातळ करतो. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये 'अ‍ॅक्वियस क्रीम'बद्दल नेमकी हीच सूचना दिली होती. सोडियम *लॉरॉइल लॅक्टिलेट* हा वेगळा आणि सौम्य आहे, नावाच्या सारखेपणाने घाबरू नका.

'नॉन-कॉमेडोजेनिक'चं मूळ सशाच्या कानावरच्या चाचण्यांत आहे, एकेक घटक वेगळा लावून काढलेल्या गुणांत. पूर्ण क्रीममध्ये तोच घटक २ टक्के असेल तर ते गुण लागू पडतीलच असं नाही. या शब्दाला ठरावीक कायदेशीर व्याख्या नाही. नडग्यांसाठी तर तो विचारात घ्यायचं कारणच नाही.

नवं क्रीम अंगभर लावण्याआधी: कोपराच्या वर, आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठ्या जागेत दिवसातून दोनदा, किमान ७ दिवस, जमल्यास १४. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी पाहणं पुरत नाही, अ‍ॅलर्जी वर यायला बहुधा काही दिवस जातात. लाली, खाज किंवा बारीक पुरळ उठलं तर थांबा आणि यादी जपून ठेवा. त्वचारोगतज्ज्ञाला तीच सर्वांत उपयोगी पडते.

निळीशाई

'अ' घ्यायचं नक्की. त्याने खवलं पूर्ण गेली नाहीत तर पुढची पायरी युरिया असं वाचलंय. किती टक्क्यांचा? आणि एका वेळी 'अ' किती लावायचं?

खवलं

प्रमाण बोटाच्या पेरात मोजा. ट्यूबच्या तोंडातून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एक पूर्ण पाय, पावलासकट, म्हणजे अशा आठ रेघा. फक्त गुडघ्याखालच्या भागाला तीन ते चार धरा. डब्यातून घेत असाल तर एकदा काट्यावर २ ग्रॅम काढून त्याचा गोळा केवढा दिसतो ते डोळ्यात साठवा. आपण जे लावतो ते बहुतेक वेळा याच्या निम्मंच असतं, आणि मग क्रीमला नावं ठेवतो.

आंघोळीनंतर टॉवेलने टिपा, पुसू नका. त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लावा. केस उगवतात त्या दिशेने हात फिरवा. उलट दिशेने चोळलं तर केसांच्या मुळांशी फोड येऊ शकतात. रात्री एक हात अजून.

युरिया ५ ते १० टक्क्यांत पाणी धरायचं काम करतो. २० च्या पुढे तो जाड थर सोलायला लागतो, ४० टक्के तर जाड नखं आणि टाचांसाठी. नडग्यांना १० पुरे. यादीत युरिया आहे, पण टक्के लिहिलेले नाहीत, तर तो ग्लिसरीनच्या आधी आहे की नंतर ते पाहा. शेजारी लॅक्टिक अ‍ॅसिड किंवा सोडियम लॅक्टेट असणं ही चांगली खूण: युरिया हळूहळू विघटित होऊन अमोनिया सोडतो, पीएच वर जातो, आणि लॅक्टेट तो धरून ठेवतं. जुन्या डब्याला अमोनियाचा उग्र दर्प आला तर टाकून द्या. चीर पडलेल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर युरिया झोंबतो, तिथे आधी 'अ'नेच दोन-तीन दिवस चीर भरू द्या. लहान मुलांना १० टक्क्यांचा युरिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पॅचटेस्ट

'अ'मध्ये पेट्रोलॅटम आहे म्हणून शेवटचं. असं क्रीम रोज लावलं की ते पायजम्यात, चादरीत आणि पट्ट्यांत मुरतं. मुरलेलं कापड नेहमीपेक्षा लवकर पेटतं आणि धुतलं तरी सगळं निघत नाही. ते कपडे घालून शेगडी, मेणबत्ती, पेटती काडी यांच्या जवळ जाऊ नका.

डबा असेल तर क्रीम स्वच्छ चमच्याने काढा, ओल्या बोटांनी नाही. मागे उघड्या डबीचं चित्र आणि '१२एम' असं लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून १२ महिने. उघडल्याची तारीख बुडावर पेनाने लिहून ठेवा.